पाव किलो जास्त

बॅग भरणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन बघावं. बावीस वर्षं मी एकच बॅग भरतेय. माझी नाही हो. मी आयुष्यात घराबाहेर राहिले असेन ती चार लग्नांपुरती, आणि तेव्हाही पिशवीत दोन जोड कपडे कोंबून. बॅग माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची. ती समुद्रापलीकडच्या एका उकाड्याच्या, दमट देशात हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. दोन वर्षं तिकडे, मग चाळीस दिवस घरी, की पुन्हा दोन वर्षं तिकडे. चाळीसातले शेवटचे चार दिवस बॅगेचे. त्या चार दिवसांत मी शिलाईचं मशीन झाकून ठेवायचे, कारण पुढच्या खोलीतला पलंग, दोन्ही खुर्च्या आणि मशीनसुद्धा तिच्या सामानाने भरलेलं असायचं. कपडे लहानमोठे करून द्यायचा माझा धंदा. गिऱ्हाइकं दारातून डोकावायची, "काय, ताई निघाल्या वाटतं?" म्हणायची, आणि आपली पँट घेऊन परत जायची.

पहिल्या खेपेला मी बॅग भरली ती बघून आज माझं मलाच हसू येतं. दोन वर्षं लांब जायचं, तर चांगलंचुंगलं द्यायला नको? नवी चामड्याची पर्स दिली, चामड्याच्या चपला दिल्या, जाड गोधडी दिली, चार जाडजूड टॉवेल दिले. आणि काचेच्या चौकटीतला आईचा फोटो. आई जाऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. महिन्याभराने ताईचं पत्र आलं. पर्सला दहा दिवसांत हिरवी बुरशी धरली. चपलांचे तळ सुटले. गोधडी एकदा धुतली ती आठवडाभर वाळलीच नाही, शेवटी तिला असा वास यायला लागला की खोलीतल्या बाकीच्या बायकांनी ती ताईसकट बाहेर काढायची धमकी दिली. हे सगळं तिने दोन पानं भरून लिहिलं होतं. फोटोबद्दल एकच ओळ होती. दमट हवेने फोटो काचेला चिकटला, आणि तो सोडवायला गेले तर आईचा चेहरा काचेवरच राहिला. पुन्हा फोटो देऊ नकोस.

पुढच्या खेपेपासून यादी आली. ताईने ती स्वतः लिहिली आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवली. बावीस वर्षांत बॅगा तीन झाल्या, यादी तीच, नुसती नव्या बॅगेत डकवायची. कागद आता इतका जुना झालाय की त्याला चिकटपट्ट्यांनीच धरून ठेवलंय. आधी आधी दर खेपेला काहीतरी खोडलेलं, काहीतरी वाढवलेलं. 'चामड्याच्या चपला' खोडून पुढे लिहिलंय, 'मूर्खपणा!' 'रेनकोट' खोडून, 'आतून घामाने भिजतो, छत्री बरी.' सेफ्टी पिना गंजतात, प्लॅस्टिकचे चिमटे. सुया मेणाच्या तुकड्यात खोचून. जाड टॉवेल नाही, पातळ दोन. आतले कपडे दुप्पट, कारण वाळत नाहीत. कागदपत्रं दोन पिशव्यांत, एकीत दुसरी. घामोळ्यांची पावडर, बोटांच्या बेचक्यांना लावायचं मलम. आणि खडू. हो, फळ्यावरचे साधे पांढरे खडू. ते ओल शोषून घेतात, म्हणून कपड्यांच्या मध्ये ठेवायचे. मी उरलेल्या चिंध्यांच्या छोट्या थैल्या शिवायचे, एकेका थैलीत सहा खडू. दुकानदाराला वाटायचं, मी कुठली तरी शाळा काढलीय.

ही यादी म्हणजे तिकडे काय टिकतं त्याची. जे टिकत नाही ते घरी. ताईचं लोकरीचं पांघरूण घरी, चांगले कपडे घरी, आईचा दुसरा फोटो घरी. मी पण घरीच. मला लहानपणापासून दमा. दमट हवेत चार पायऱ्या चढले तरी माझा जीव वर येतो. एकदा मी गमतीने म्हटलं होतं, "ताई, मला पण खोड की यादीतून." ती म्हणाली, "तू यादीत होतीस कधी?" सहज म्हणाली ती, पण मला ते लागलं. मी दाखवलं नाही ही गोष्ट वेगळी.

धुलाईखान्याचं ती फार सांगायची नाही. जे काही कळलं ते बॅग भरताना. वाफ इतकी की समोरचं माणूस दिसत नाही. ओल्या चादरींचे ढीग दोघींनी मिळून उचलायचे. सगळ्यात महत्त्वाचं काम चादर वाळली की नाही ते ओळखणं, कारण एक दमट चादर घडीत गेली तर सगळा गठ्ठा आंबतो आणि तो आजारी माणसाच्या पलंगावर जातो. नव्या मुली हाताने बघतात. पण त्या उकाड्यात हात कायम घामेजलेला, त्याला काय कळणार? ताई गाल लावायची. चादरीची घडी उचलायची, गालाला टेकवायची, आणि सांगायची, वाळली किंवा नाही. गालाला कळतं, हात खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. बॅग भरतानाही हाच प्रकार. एकेक कपडा गालाला लावून आत. पुढे पुढे मीही तशीच बघायला लागले, आणि शेवटच्या तीन खेपांना तर तिने तपासणंच सोडलं. "तू भरलंयस ना, मग झालं," म्हणायची आणि खुर्चीत डोळे मिटून बसायची.

आठ महिन्यांपूर्वी ती कायमची परत आली. एकोणसाठ पूर्ण झाली, गुडघे गेले, ब्लीचच्या पाण्याने बोटांवर ठसे उरले नाहीत. बँकेत अंगठा लावायची वेळ आली तेव्हा मशीनने तिला ओळखायलाच नकार दिला. छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, दमट हवा पुरे आता. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरला हार घातला. कपाटातला मधला कप्पा तिच्यासाठी रिकामा केला, पुसला, त्यात कागद अंथरला. आणि बाईसाहेबांनी काय करावं? बॅग पलंगाखाली सरकवली आणि त्यातूनच कपडे काढायला लागल्या. सकाळी बॅग ओढायची, कपडे काढायचे, बॅग आत. धुतलेले कपडे गुंडाळून पुन्हा बॅगेत. एक महिना, दोन महिने, सहा महिने.

"अगं, कप्पा आहे ना?" मी म्हणायचे.

"असू दे गं. कशाला तुझी जागा अडवू?"

माझी जागा! माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण बोलून काय होणार? जिने बावीस वर्षं चाळीस चाळीस दिवसच घर बघितलंय तिला कायमचं घर कसं असतं ते सांगायचं कसं? साखर कुठे आहे ते ती मला विचारायची. स्वयंपाकघरात गेली की भांडं घासून, पुसून, पालथं घालून बाहेर यायची. दुपारी मी मशीनवर असले की ती खिडकीत बसायची, आणि माझ्या गिऱ्हाइकांचे कपडे उगाच घड्या करून ठेवायची. कोपऱ्याला कोपरा लावून, दवाखान्यासारख्या.

तीन आठवड्यांपूर्वी तिकडून फोन आला. नव्या मुलींना शिकवायला कुणी नाही, गठ्ठे आंबतायत, दोन वर्षांसाठी या, उचलायचं काही नाही, नुसतं बघायचं. ताई "बघते" म्हणाली. दुसऱ्या दिवशी "येते" म्हणाली. मला सांगितलं ते भाजी निवडताना, जणू कोपऱ्यावर जाऊन यायचंय.

"आणि छाती?" मी विचारलं.

"छाती इथेही घरघरते, तिथेही घरघरेल."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. इथे बसून काय करू मी? तुझी साखर शोधत बसू?"

मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले? मला वाटलं, हिला जायचंच आहे. आठ महिन्यांत हिने कप्प्यात एक रुमाल ठेवला नाही, हिचा जीव तिकडेच अडकलाय. अशा माणसाला थांब म्हणायचं आणि ती नाही म्हणाली, तर मग मी तोंड कुठे लपवू? त्यापेक्षा खडू आणलेले बरे.

तर पुन्हा चार दिवस, पुन्हा पलंगावर पसारा. खरं सांगते, मला इतका कंटाळा कधी आला नव्हता. थैल्या शिवताना सुईत दोरा जाईना. दोन पातळ टॉवेल, गुंडाळले. छत्री, गुंडाळली. रबरी चपलांचे दोन जोड, एकमेकांच्या पोटात घातले. अंगाला चिकटत नाहीत असे सैल सुती कपडे, सगळे लाटून लाटून आत. हात आपोआप चालत होते आणि मी आपली कुठेतरी भलतीकडेच होते. यादीत शेवटची एकच वस्तू तशी बिनकामाची आहे, चादर. तिकडे चादरी फुकट मिळतात, ढिगाने. पण आपल्या अंगाखाली घरची चादर हवी, एवढा एकच हट्ट तिने ठेवलाय. आईच्या वेळची, निळ्या काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती चादर गॅलरीतल्या दोरीवरून काढली. चार दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही. सवयीने गालाला लावली. दमट होती. मधली घडी तर चांगलीच दमट.

मला कळलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला कुणी साळसूद समजायला नको. मला कळलं, आणि मी ती तशीच घडी घालून बॅगेच्या मधोमध ठेवली. वर खाली कपडे. त्याने काय होणार होतं ते मला विचारू नका. तिकडे जाऊन बॅग उघडली असती, सगळ्याला वास आला असता, बुरशी धरली असती, मग? मग ती काय विमान पकडून परत येणार होती? काही विचार नव्हता त्यात. हाताने केलं आणि मी हाताला अडवलं नाही. मग आत जाऊन पाणी प्यायले.

जेवणं झाल्यावर वजन करायचं. हे आमच्या ह्यांचं खातं. आमचे हे विजेचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून आकडे टिपले, त्यामुळे आकड्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही, बाकी बाबतीत बघू. दाराच्या चौकटीत त्यांनी एक जाड हूक ठोकून ठेवलाय. त्याला ताणकाटा लावायचा, काट्याला बॅग टांगायची, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचा. विमानात तेवीस चालतात. ताई बावीसला थांबते, एक किलो रिकामं सोडते, आणि गेल्या चार खेपांना यादीत फरक नाही त्यामुळे आकड्यातही फरक नाही. बावीस म्हणजे बावीस.

"सव्वाबावीस," हे म्हणाले.

"पुन्हा बघा," ताई खुर्चीतून म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"बघितलं. सव्वाबावीस. पाव किलो जास्त."

"अहो, पाव किलोने विमान पडत नाही," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

ताईने डोळे उघडले. "काय जास्त घातलंस, ठमे?" मला ती लहानपणापासून ठमीच म्हणते.

"काही नाही. यादीप्रमाणेच आहे सगळं."

आणि ते खरंही होतं. वस्तू एकही जास्त नव्हती. पण पाण्याला वजन असतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. आणि समोर बसली होती ती बाई ओल्या चादरी उचलण्यात म्हातारी झालेली! चोरी करायची तर निदान दुसऱ्या कुणाच्या घरी तरी करावी.

"जावईबुवा, खाली घ्या," ताई म्हणाली. आई यांना जावईबुवा म्हणायची, तिची सवय ताईने उचललीय.

तिने बॅग पलंगावर उघडली. गुडघे धरून वाकली, आणि एकेक वस्तू काढून गालाला लावायला लागली. टॉवेल. बाजूला. सदरा. बाजूला. मी खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होते. चादर हाताला लागली तेव्हा तिने ती उचलली, गालाला टेकवली, आणि तशीच थांबली. नेहमीपेक्षा बराच वेळ.

"ही ओली आहे."

"असेल. हवा बघ ना कशी आहे."

"गाल नाही लावलास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण तिच्या गालाला अजून ती चादर टेकलेली होती. "लावला," मी म्हटलं.

"कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी भरलीस?"

"हो, भरली! मला कंटाळा आलाय ताई. बावीस वर्षं तुझी बॅग भरून भरून माझे हात दुखले. खडू मोजून माझा जीव मेटाकुटीला आलाय. नाही भरायची मला. तुला जायचं असेल तर जा, पण माझ्याकडून भरून घेऊ नकोस. मला तू इथे हवी आहेस. झालं? म्हटलं एकदाचं."

आमच्या ह्यांना अचानक टॅक्सीवाल्याचा नंबर शोधायची आठवण झाली आणि ते आत गेले.

ताई पलंगाच्या कडेला बसली. चादर मांडीवर घेतली. "हे आधी म्हणायला काय झालं होतं तुला?"

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

तिने विचार केला. ताई उगाच बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. "पहिल्यांदा नसते थांबले. तेव्हा गरज होती. दुसऱ्यांदाही नाही. पण मग नंतर नंतर..." तिला खोकला आला. मी पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, "नंतर मी वाट बघायचे गं. शेवटच्या दिवशी वाटायचं, आता म्हणेल काहीतरी. आणि तू म्हणायचीस, 'झालं बघ सगळं भरून, काही राहिलं नाही.' इतकं नीट भरायचीस तू, ठमे. इतकं व्यवस्थित. मला वाटायचं, मी गेलेली बरी वाटते हिला."

एकेक थैली मी जीव ओतून शिवली होती. तिच्या एका पायमोज्याला ओल लागू नये म्हणून मी रडकुंडीला यायचे. आणि तिला ते असं दिसत होतं! बावीस वर्षं! मी तिथेच मशीनच्या स्टुलावर बसले आणि चांगली हमसून रडले. तीही रडली, पण तिचं रडणं सावकाश असतं, थकलेल्या माणसासारखं. डोळे पुसायला तिने चादरीचं टोक घेतलं. ते तरी वाळलेलं होतं की नाही कोण जाणे.

तिने 'जात नाही' असं म्हटलं नाही. उठली, चादर घेऊन गॅलरीत गेली, दोरीवर झटकून पसरली, चिमटे लावले. "ही वाळल्याशिवाय बॅग बंद करायची नाही," ती म्हणाली. "ओलं काही आत जाता कामा नये." मी मान डोलावली. टॅक्सी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी नेमकं ऊन पडलं. चार दिवस गायब असलेलं, लख्ख. मला त्या उन्हाचा असा राग आला की काय सांगू. अकरा वाजता जाऊन बघितलं, चादर कडांनी वाळलेली. साडेबाराला गाल लावला, मधली घडीही जवळजवळ कोरडी. जेवण जाईना. ताई शांतपणे जेवली, ताट घासून पालथं घातलं. दीड वाजता ती गॅलरीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. मी मशीनवर कुणाची तरी पँट घेतली आणि एकच शिवण तीनदा उसवली.

अडीच वाजून गेले तरी ती बाहेर येईना, तेव्हा मी दार ढकललं. चादर दोरीवर होती आणि तिच्यातून पाणी टपकत होतं. खाली थारोळं साचलेलं. शेजारी बादली. ताई पाटावर बसून ओले हात पदराला पुसत होती.

"मळली होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कडेला डाग होता. म्हटलं, धुऊन टाकावी."

मी डाग बिग काही विचारला नाही. मागून हे आले, हातात फोन. "ताई, टॅक्सीवाला विचारतोय, अर्धा तास आधी येऊ का म्हणून."

"त्याला म्हणावं, येऊ नका," ताई म्हणाली. "चादर वाळली नाही."

आकडा सोडून बाकी कशात आमचे हे फारसे हुशार नाहीत, पण जसं सांगितलं तसं सांगतात. "चादर वाळली नाही म्हणून येऊ नका," ते फोनमध्ये म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. ह्यांनी फोनवर हात ठेवला. "तो विचारतोय, कधी वाळेल?"

ताईने टपकणाऱ्या चादरीकडे बघितलं. मग वर आभाळाकडे बघितलं. गुडघ्यावर हात टेकून कष्टाने उठली.

"दोन वर्षं तरी लागतील म्हणावं," ती म्हणाली.

मी आत आले आणि कपाटातला मधला कप्पा पुन्हा एकदा पुसून घेतला.